वेधविधि : वैद्याची सुई सोनाराच्या हातीं कशी गेली

गेल्या हिवाळ्यांत लासूर स्टेशन येथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आली. ती छत्रपति संभाजीनगरास महाविद्यालयांत शिकते. खालच्या ओंठास छिद्र पाडून त्यांत लहानशी कडी घालावी असें तिच्या मनांत होतें. घरांतील वडील माणसें 'हें आपलें नव्हे' असें म्हणून अडून बसलीं होतीं. तिनें विचारलें, "गुरुजी, कान टोचलेले चालतात, नाक टोचलेलें चालतें, मग ओंठानेंच काय पाप केलें? शास्त्रांत कोठें मनाई आहे का?" मीं तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांचे चार महिने झाले. जें हातीं लागलें तें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें कारण असें कीं, तिच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आपल्या अभ्यासांतील एक उणीव माझ्या ध्यानांत आली. आपण अलंकाराचें वय मोजतों. परंतु ज्या छिद्रांत तो अलंकार अडकतो तें छिद्र कोणीं पाडलें, कशानें पाडलें आणि त्यापासून झालेला व्रण कोणीं बरा केला, हें विचारीत नाहीं.

प्रथम कोश पाहिला. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत दिलेली अलंकारांची यादी आम्हांस लहानपणीं घोकावी लागे, म्हणून ती आजहि जिभेवर आहे. चूडामणीपासून ती खालीं उतरते : कपाळावरील ललाटिका व पत्रपाश्या, कानांतील कर्णिका, तालपत्र व कुंडल, गळ्यांतील ग्रैवेयक, लंबन व नाना प्रकारचे हार, दंडावरील केयूर व अंगद, मनगटावरील कटक व वलय, बोटांतील ऊर्मिका, कंबरेची मेखला आणि पायांतील नूपुर. कपाळाहून कोशकार कानाकडे वळतो व कानाहून गळ्याकडे जातो. वाटेंत नाक आणि ओंठ लागतात. तेथें तो थांबत नाहीं. बारीकसारीक भेद नोंदविणाऱ्या या ग्रंथकाराच्या काळीं नाकांत कांहीं घालण्याची चाल रूढ असती, तर तिला नांव दिल्यावांचून तो पुढें गेला असता असें मला वाटत नाहीं.

ओंठ आपल्या वाङ्मयास अपरिचित आहे असें मात्र नाहीं. कामसूत्रांतील नागरक सकाळीं मेण व अळिता लावून तो सजवितो. तांबूलानें तो सर्वत्रच रंगलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हीन मानलेल्या जातीच्या माणसानें गर्वानें वरिष्ठावर थुंकल्यास त्याचे दोन्ही ओंठ छेदावे असा दंड सांगितला आहे. तें स्थळ वाचतांना मान खालीं जाते, पण पुराव्यांतून तें वगळतां येत नाहीं. आणि सुश्रुतसंहितेंत तुटलेला ओंठ सांधण्याचा विधि आहे. म्हणजे रंगविलेला, छेदलेला आणि सांधलेला असा ओंठ आपल्या ग्रंथांत भेटतो. अलंकारासाठीं विंधलेला ओंठ मला कोठेंहि भेटला नाहीं. उत्तर कर्नाटकांतील वीरभद्राचे पुरवंत जिभेंतून व गालांतून शस्त्र आरपार नेतात. परंतु तें व्रत आहे, भूषण नव्हे. शस्त्र काढलें कीं छिद्र मिटूं दिलें जातें.

पृथ्वीवर इतरत्र तशी गोष्ट नाहीं. मेक्सिकोंतील आझटेक सरदार ओंठांत सोन्याचे सर्पमुखी अलंकार घालीत. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील त्लिंगित व हैडा जमातींत ओंठांतील खुंटी हें कुलीन स्त्रीचें लक्षण होतें आणि वयाबरोबर ती मोठी करीत जात. ब्राझीलमधील बोटोकुडो लांकडाच्या चकत्या घालीत. इथिओपियांतील मुर्सी स्त्रिया मातीच्या किंवा लांकडाच्या तबकड्या आजहि घालतात. तेव्हां ओष्ठवेध हें काल निघालेलें खूळ आहे, असें जें त्या मुलीच्या घरीं कोणी म्हणालें, तें चूक. चाल जुनी आहे. आपली नाहीं, इतकेंच.

आतां नाकाकडे वळूं, कारण घरांतील मंडळींचा सारा भर नथेवर होता. नथ वेदकाळापासून आहे असें एका बाजूनें ठासून सांगतात, तर ती मुसलमानांबरोबर आली असें दुसऱ्या बाजूनें. हा वाद विद्वानांत एकदां नीट लढला गेला आहे. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं हिंदुसंस्कृतींतील स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या १९३८ च्या इंग्रजी ग्रंथांत प्राचीन शिल्पांच्या आधारें असें मांडलें कीं, हिंदु राजवटींच्या काळीं नासिकाभूषण अज्ञात होतें. लगोलग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्या संस्थेच्या वार्षिकांत नथेच्या प्राचीनतेवर निबंध लिहून, संस्कृत ग्रंथांतील नासामौक्तिकाचे उल्लेख ओळीनें मांडले व ही चाल सुमारें हजार वर्षें मागें नेली. गोडे यांची पद्धति अनुकरणीय आहे : ग्रंथाचा काळ ठरल्याशिवाय ते त्यांतील शब्दास साक्षीस उभा करीत नाहींत. सोळा शृंगारांच्या प्रचलित श्लोकांत नासामौक्तिक आहे म्हणून ती चाल सनातन, असें म्हणणाऱ्यांनीं त्या श्लोकांचा काळ आधीं पाहावा.

वेरूळचीं लेणीं आमच्या गांवापासून फार दूर नाहींत. या निमित्तानें मीं तीं पुन्हां, केवळ नाककान पाहण्यासाठीं, पाहिलीं. कैलास लेणें राष्ट्रकूट कृष्णराज पहिला (इ. स. ७५६ ते ७७३ च्या सुमारास) याच्या काळचें. तेथील देवदेवतांचे कान पाहून मन थक्क होतें. पाळ्या ताणून खांद्यापर्यंत आणलेल्या, त्यांत जाड कुंडलें, कोठें डाव्या व उजव्या कानांत वेगवेगळे अलंकार. नाकांत मात्र कांहीं नाहीं. परंतु येथें एक सावधगिरी हवी, जी आमच्या मंडळींत क्वचित् पाळली जाते. वेरूळच्या पुष्कळ मूर्तींचीं नाकें भंगलेलीं आहेत. भंगलेलें नाक कोणत्याहि पक्षाची साक्ष देत नाहीं. ज्या मूर्तीचें नाक शाबूत आहे तीच साक्षीदार. तशा मूर्ति वेगळ्या काढून पाहिल्या तरी निकाल तोच येतो. कोणी म्हणेल कीं, नाकांतील नाजूक कडी दगडांत कशी कोरावी? त्याचें उत्तर त्याच मूर्तींच्या गळ्यांतील मोत्यांचे सर देतात. आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यास अजिंठ्यास जावें. रंगविलेल्या चेहऱ्यावर कडी काढण्यास कुंचल्याचा एक फटकारा पुरे. तो फटकारा अजिंठ्याच्या चित्रकारानें ओढलेला नाहीं.

नथ शब्दाचा मागहि उद्बोधक आहे. संस्कृतांत नस्तित व नस्योत हे शब्द आहेत, पण ते बैलाचीं विशेषणें होत : ज्याच्या नाकांतून दोर ओंवला आहे असा. प्राकृतांतील णत्था म्हणजे ती नाकांतील दोरी. मराठींत बैलाच्या दोरीला वेसण म्हणूं लागले व जुना शब्द स्त्रीच्या दागिन्याकडे गेला. यावरून नाक विंधण्याची विद्या घरांत येण्याआधीं गोठ्यांत होती असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. हें अनुमान सांगितल्यावर आमच्या घरांतील मंडळींनीं दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला होता, ही गोष्ट येथें नमूद करणें अप्रस्तुत असलें तरी खरी आहे.

अलंकाराचा प्रश्न येथवर. आतां छिद्राचा. या बाबतींत मूळ आधार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय होय. निर्णयसागराची, यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली प्रति आपल्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहीं आहे. नेपाळांतील कैसर ग्रंथालयाच्या इ. स. ८७८ च्या ताडपत्री पोथीमुळें या ग्रंथाचा पाठ आतां पुष्कळच मागें नेऊन तपासतां येतो. त्या नेपाळी परंपरेंतील याच अध्यायाचें स्वतंत्र संपादन इंग्रजी भाषांतरासह २०२३ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथून प्रसिद्ध झालें आहे. ज्यांच्याकडे सुश्रुताच्या सुट्या पोथ्या असतील त्यांनीं हा अध्याय त्या संपादनाशीं ताडून पाहावा.

या अध्यायांत बाळाचे कान टोचण्याचे हेतु दोन सांगितले आहेत : रक्षा आणि भूषण. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें त्याचा उपयोग होईल. काळ सहावा किंवा सातवा महिना, शुक्ल पक्ष. वाग्भट आठवाहि महिना सांगतो व हिंवाळा असावा अशी भर घालतो. थंडींत व्रण कमी चिघळतो हा अनुभव त्यामागें असावा. मंगल कृत्यें झाल्यावर बाळाला दाईच्या मांडीवर बसवावें, खेळणीं दाखवून त्याचें मन गुंतवावें, आणि वैद्यानें डाव्या हातानें पाळी ताणून उजव्या हातानें, सूर्यप्रकाश आरपार दिसेल अशा नैसर्गिक पातळ जागीं, हळूच व सरळ वेध करावा. पाळी पातळ असल्यास सुई, जाड असल्यास आरी. मुलाचा उजवा कान आधीं, मुलीचा डावा. मग छिद्रांत कापसाची वात. रक्त फार आलें किंवा वेदना फार झाली तर जागा चुकली असें समजावें.

उन्हांत पाळी धरून पाहण्याची ही सूचना मला या साऱ्या अध्यायांत अत्यंत मोलाची वाटते. आजचा डॉक्टर त्वचेमागें दिवा धरून शिरा पाहतो तो हाच न्याय. छापील पाठांत पुढें कालिका, मर्मरिका व लोहितिका अशा तीन शिरा सांगितल्या आहेत आणि अडाण्यानें भलत्या जागीं टोचल्यास होणारे उपद्रवहि : ज्वर, दाह, सूज, गांठी, मान आंखडणें, आणि शेवटीं अपतानक म्हणजे शरीर ताठ करणारे झटके. हें शेवटलें वर्णन वाचून धनुर्वाताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. धनुर्वाताची लस १९२४ सालीं निघाली. त्यापूर्वीं एका गंजक्या सुईनें किती घरांत रडारड झाली असेल याची गणती कोणत्याहि बखरींत नाहीं.

शुश्रूषेचा भाग असा. छिद्रावर कच्च्या तेलाचें सिंचन करावें. दर तीन दिवसांनीं आधीच्याहून जाड वात घालावी. सुई वाकडी किंवा बोथट असल्यामुळें, अथवा वात फार जाड झाल्यामुळें सूज व ठणका लागला, तर वात काढून टाकावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव व तीळ यांचा कल्क मध-तुपांत कालवून व्रण भरेपर्यंत लावावा आणि मग नव्यानें टोचावें. व्रण निर्दोष झाल्यावर छिद्र वाढविण्यासाठीं हलकें वर्धनक घालावें. वेरूळच्या लांब पाळ्यांचें रहस्य येथें आहे. ताणलेली पाळी दोषानें किंवा आघातानें तुटली तर ती सांधण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत, ज्यांचीं नांवें नेमिसंधानकापासून काकौष्ठकापर्यंत जातात. मग गालाचें मांस वळवून नाक घडविण्याचा प्रसिद्ध विधि. आणि त्याच्या पाठोपाठ ओंठाविषयीं एवढेंच कीं, नाकपुड्यांत घालावयाच्या नळ्या वगळून बाकी सारें तसेंच करावें. टोचण्यापासून आरंभ झालेला अध्याय सांधण्यावर संपतो. भूषणाची हौस आणि तिचा दंड हीं दोन्हीं एकाच वैद्यानें सांभाळावीं अशी ही योजना आहे.

येथवर सुई वैद्याच्या हातीं आहे. धर्मशास्त्रांत आलें कीं ती निसटूं लागते. कर्णवेध हा गृह्यसूत्रांच्या मूळ संस्कारांत नाहीं, तो मागाहून संस्कारांत बसला, हें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) दाखविलें आहे. एकदां संस्कार झाल्यावर निबंधकारांनीं त्याचे नियम बांधले. मित्रमिश्राच्या वीरमित्रोदयांत दिलेल्या वचनांनुसार राजपुत्रास सोन्याची सुई, ब्राह्मण व वैश्य यांस रुप्याची, शूद्रास लोखंडाची, आणि लांबी आठ अंगुळें. म्हणजे गंजण्याचें भय ज्याच्या पदरीं आधींच दारिद्र्य त्याच्याच वांट्यास! ज्या ब्राह्मणाच्या कानाच्या छिद्रांतून सूर्याचा किरण जात नाहीं त्याच्या दर्शनानें पुण्य नष्ट होतें असेंहि एक वचन आहे. सुश्रुतानें जो सूर्यप्रकाश जागा शोधण्यासाठीं वापरला तोच येथें पापपुण्याचें माप होऊन बसला. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूंतहि (इ. स. १६१२) कर्णवेधाचें प्रकरण आहे. परंतु मला हवा होता तो शब्द श्रीपतीच्या नांवावर दिलेल्या एका वचनांत सांपडला : दांत न आलेल्या, आईच्या मांडीवरील बाळाचे कान दुहेरी दोरा ओंवलेल्या सुईनें टोचावे, आणि टोचणारा कोण, तर सौचिक. सौचिक म्हणजे सुईचें काम करणारा, शिंपी. वैद्य गेला, दाईच्या ठिकाणीं आई आली, कापसाच्या वातीच्या ठिकाणीं दोरा आला.

मराठींत आपण म्हणतों, सोनारानें कान टोचावे. उपदेश योग्य माणसाच्या तोंडून यावा असा या म्हणीचा आजचा अर्थ. पण ती अर्थवती होण्यासाठीं ज्या समाजांत ती निघाली तेथें कान टोचण्याचा निर्विवाद अधिकार सोनाराकडे असला पाहिजे. वैद्याकडून सौचिकाकडे व सौचिकाकडून सोनाराकडे हा प्रवास कां झाला? शस्त्रकर्म वैद्यांच्या हातून सुटलें हें एक कारण सर्वमान्य आहे. दुसरें मला सोनाराच्या दुकानीं बसून उमगलें. जुना सोनार सोन्याची बारीक तार घेई, तिचें टोक घांसून अणकुचीदार करी, त्या टोकानेंच पाळी विंधी आणि तीच तार वळवून बाळी करी. सुई आणि दागिना एकच. वात घालणें नको, ती तीन दिवसांनीं बदलणें नको, व्रणाला पुन्हां पुन्हां हात लावणें नको. सोनें गंजत नाहीं, घामानें किंवा लसेनें बिघडत नाहीं. सुश्रुताच्या कृतींतील जी नाजूक पायरी होती, ती सोनाराच्या तारेनें काढूनच टाकली. माझ्या मतें सुई सोनाराकडे जाण्याचें खरें कारण हें आहे. हें सुधारणेचें पाऊल होतें, अधोगतीचें नव्हे.

मात्र ज्याच्या घरीं तार नव्हती तेथें दोरा व काडीच राहिली. आमच्या भागांत कडुलिंबाची काडी किंवा केरसुणीचा हीर छिद्रांत ठेवीत. वर हळद व खोबरेल. कडुलिंबाचा हाच उपयोग कानफाट्या नाथपंथीयांत आहे. त्यांचा वेध पाळीचा नव्हे, कानाच्या मधल्या कूर्चेचा. दुधारी सुरीनें चीर दिल्यावर तींत कडुलिंबाच्या लांकडाची खुंटी बसवितात व व्रण भरल्यावर शिंगाची, कांचेची, मातीची किंवा धातूची मुद्रा घालतात, अशी हकीकत ब्रिग्ज यानें आपल्या १९३८ च्या ग्रंथांत दिली आहे. नगर जिल्ह्यांतील मढीच्या कानिफनाथाकडे जाणाऱ्या भाविकांस हे कान परिचयाचे असतील. नाथ व नथ या शब्दांच्या सादृश्यावरून कांहीं उत्साही लेखक जे सिद्धांत काढतात त्यांस आधार नाहीं.

रक्षा हा जो पहिला हेतु सुश्रुतानें सांगितला, तो महाराष्ट्रांत नाककानांवरच राहिला. मुलें जगत नसलीं म्हणजे पुढल्या मुलासाठीं भीक मागून आणलेल्या सोन्याची बाळी त्याच्या कानाच्या वरच्या भागांत घालीत; ती भिकबाळी. पेशवाईंत तीच मोत्यांची व माणकाची होऊन उजव्या कानीं मिरवूं लागली, आणि आज ती लग्नाच्या पोषाखाचा भाग झाली आहे. दुसरी तोड म्हणजे मुलाचें नाक टोचून तो मुलगाच नव्हे असा देखावा करणें. नथू व नथोबा हीं नांवें त्यांतलीं. धोंडू, दगडू, केरोबा यांच्या पंगतींत तीं बसतात. नाक टोचण्यास संस्कार नाहीं, मंत्र नाहीं, मुहूर्ताचें वचन नाहीं; पण मृत्यूला चकविण्याची शक्ति मात्र लोकांनीं त्याला दिली. ग्रंथांत कानाला जें स्थान होतें तें घरांत नाकानें मिळविलें, आणि तें पंडितांस न विचारतां.

हात पोथीहून निराळा चालतो याचा आणखी एक पुरावा आपल्या पुण्याचा आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेंतील एक मराठी बैलवाला, ज्याचें नांव कावसजी असें नोंदलें गेलें, शत्रूच्या हातीं सांपडून नाक गमावून बसला. वर्षभरानें पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याचें नाक नव्यानें घडविलें. क्रूसो व फिंडले या दोघां इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली आणि तिचा वृत्तांत लंडनच्या एका मासिकांत १७९४ सालीं छापून आला. तो वाचून कार्प्यू यानें १८१४ त विलायतेंत तशीच क्रिया केली. यांत लक्ष देण्यासारखें हें कीं, सुश्रुत गालाचें मांस घेतो आणि पुण्याच्या कारागिरानें कपाळाचें घेतलें. त्यानें सुश्रुत वाचला असता तर तो गालाकडे गेला असता. त्याची विद्या हाताची होती. तिला पोथी नव्हती, म्हणून ती पुसली गेली.

त्या मुलीच्या प्रश्नास अनुसरून आजच्या वैद्यकाचेंहि मत घेणें भाग पडलें. कांहीं बाबतींत जुनें टिकतें. धातूची निवड करतांना सोनें उत्तम हें खरेंच, पण तें शुद्धतेची खूण असलेलें. भारतांत दागिन्यांवर अशी खूण १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. गिलिटाच्या वस्तूंत व पांढऱ्या म्हणविणाऱ्या कांहीं सोन्यांत निकल असतें आणि तें पुष्कळांच्या त्वचेस सोसत नाहीं. युरोपांत १९९४ पासून त्यावर कायदेशीर बंधन आहे व २००४ सालीं टोचलेल्या छिद्रांतील वस्तूंसाठीं दर चौरस सेंटिमीटरास आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून अधिक निकल झिरपूं नये अशी मर्यादा घातली गेली. शरीरांत बसविण्याजोगें टायटॅनियम हें सोन्याइतकेंच निर्धोक समजतात. जेथें जुनें टिकत नाहीं तेथें मात्र 'जुनें तें सोनें' म्हणूं नये. कडी रोज फिरवावी, हळदतेल चोपडावें, ही आमच्या आजीची शिकवण. आजचे डॉक्टर सांगतात कीं कडी फिरवूं नये, खपली उकरूं नये, तेल लावूं नये, स्वच्छ हातानें केवळ निर्जंतुक मिठाच्या पाण्यानें व्रण धुवावा. दुकानांतून बंदुकीसारख्या यंत्रानें कान टोचतात तें यंत्र उकळून निर्जंतुक करतां येत नाहीं व बोथट टोकानें मांस चिरडतें. कूर्चेवर तर तें मुळींच वापरूं नये. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, नाकपुडीस कित्येक महिने लागतात, आणि कूर्चेस, म्हणजे भिकबाळीच्या जागीं, सहा महिने ते वर्ष. कूर्चेंत स्वतःचें रक्त फिरत नाहीं हें त्याचें कारण.

ओंठाचें दुखणें वेगळें. कान दिवसभर स्वस्थ असतो; ओंठ बोलतो, खातो, हंसतो, आणि त्याच्या छिद्राचें एक तोंड बाहेर तर दुसरें लाळेंत. म्हणून आरंभीं सूज मावेल इतका लांब दांडा घालून पुढें तो आंखूड करावा लागतो. आंतली चकती सपाट लागते. प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी लागते. व्रण दोन-तीन महिन्यांत भरला तरी धातू हिरडीवर घांसत राहून ती खालीं सरकते व दांताचा कवच टवका उडून फुटतो, आणि हिरडी एकदां गेली कीं आपोआप परत येत नाहीं. नथ ओंठावर लोंबते, पण ओंठाला टोचत नाहीं. आतां तर नाक न टोचतां घालावयाची दाबाची नथ बाजारांत सर्रास मिळते. छिद्रावांचून अलंकार हें या इतिहासांतील नवें प्रकरण पुढल्या संशोधकानें लिहावें.

वाचकांपैकीं जे कागदपत्रें जमवितात त्यांस एक विनंति करावयाची आहे. आपण सनदा, महजर व वंशावळी घेतों आणि सोनाराच्या वह्या रद्दींत जाऊं देतों. बाळीची तार किती गुंजा, टोचणावळ काय दिली, धान्य दिलें कीं रोकड, मूल मुलगा कीं मुलगी, नाक कीं कान, असल्या नोंदी जर कोठें असतील तर त्या मोडी वह्यांतच असतील. बाळंतिणीच्या औषधांचीं टिपणें, घरगुती बाडें, जोशांच्या मुहूर्ताच्या चोपड्या यांचीहि तीच गोष्ट. नथ केव्हां आली याचा निकाल श्लोकांनीं लागला नाहीं. नाक केव्हां टोचूं लागले याचा लागला तर अशाच कागदांनीं लागेल. लासूर स्टेशनची वस्ती रेल्वेमुळें वाढलेली, म्हणून येथें फार जुनें कांहीं मिळण्याची आशा नाहीं. परंतु शिवना नदीकांठचें मूळ लासूर, वैजापूर, पैठण येथील जुन्या पेढ्यांतून शोध घेण्यासारखा आहे.

ती मुलगी चार महिन्यांनीं पुन्हां आली तेव्हां मीं तिला सांगितलें कीं, शास्त्रांत मनाई नाहीं, कारण शास्त्रास ही गोष्ट ठाऊकच नाहीं. आणि हिरडीविषयीं दंतवैद्य काय म्हणतात तेंहि सांगितलें. ती म्हणाली, मग आपल्या बाजारांतल्या सोनाराकडूनच करून घेतें, म्हण तशी आहे. मी तिच्याबरोबर गेलों. सोनारानें तिचा ओंठ नव्हे, माझा चेहरा नीट न्याहाळला, चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, कान सांगा, नाक सांगा. ओंठाचें काम आमच्या हातांत नाहीं."